खिडकीचा अर्ज नंबर एक

मु. निंबापूर पेठ, तालुका मंगरूळपीर
ता. १४ मे १९३८

तीर्थरूप जानरावदादा यांस धाकट्या जगदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं पाकिटात मावत नाही, तेव्हा तेवढं ठेवलं असं समजावं.) इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत, आणि ज्या घरांत आम्ही राहतो ती पाहता हे यश लहान नाही. तिकडे तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत धरतो तो उन्हाळ्यात सोडतो का? तुळसावहिनींना दमा उठतो असं ऐकलं होतं, तो एव्हाना बसला असेल अशी आशा आहे. सहा वर्षांत मी तुम्हांला एक ओळ लिहिली नाही याचं कारण कामाचा व्याप. तुम्ही म्हणाल, दोर, कासरे आणि बैलांच्या घुंगरमाळा विकणाऱ्या माणसाला व्याप कसला? तर दादा, तो विषय या पत्राचा नाही. तुमची खुशाली कामरगावहून बाजाराला येणाऱ्या माणसांकडून कळत असते. तुम्ही तिकडे नवं घर बांधलंत, त्याला समोरून दोन आणि मागून दोन अशा चार खिडक्या आहेत, हेही कळलं. (खिडक्या मोजायला मीच माणूस पाठवला होता असं कोणी तुमच्या कानात घातलं तर विश्वास ठेवू नका. तो आपणहून गेला होता.)

पत्र लिहिण्याचं कारण निव्वळ आनंद. आपल्या गावात सुधारणा झाली. तुम्ही गाव सोडलं तेव्हा कमिटी नवीन होती आणि तिला काय करायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे गावाचं बरं चाललं होतं. पुढे तिला इमारतींचे नियम सापडले. कुठून सापडले देव जाणे, पण त्यांत जिन्याच्या कठड्याची उंची होती, तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाविषयी दोन कलमं होती, आणि निंबापुरात माडीची इमारत म्हणाल तर कापसाच्या जिनिंग कारखान्याची एक, तिलाही वर जायला शिडी आहे. या नियमांप्रमाणे भिंतीला भोक पाडायचं, पडलेली भिंत उचलायची, छपरावरचे कवेलू बदलायचे, काहीही करायचं तर अर्ज. अर्जासोबत अख्ख्या घराचा नकाशा, तीन प्रती. तो ओव्हरसियरसाहेबांनी तपासायचा, प्रेसिडेंटशेठनी पाहायचा आणि मग महिन्याच्या सभेपुढे ठेवायचा. सभेला पाच मेंबर लागत आणि येत चार, कारण पाचवे वारले होते, आणि त्यांची जागा भरण्याचा ठराव करायला पाच जण लागत होते. आमच्या शेजारच्या रामसिंगनं बैलांच्या गोठ्यासाठी अर्ज केला. मंजुरी आली तोवर एक बैल म्हातारा होऊन गेला होता आणि दुसरा रामसिंगनं विकला होता. त्यानं मंजुरीचा कागद गोठ्याच्या जागी खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "आता यालेच बांधून ठेवतो."

तय्यब गवंडी तुम्हांला आठवत असेल. शाळेत माझ्या शेजारी बसायचा, आणि गावातली निम्मी घरं त्याच्या हातची आहेत. त्याची म्हातारी आई अमीनाबी खालच्या आळीत राहते. मागच्या भादव्यात तिच्या घराची रस्त्याकडची भिंत बसली. आता गवंड्याच्या आईची भिंत पडावी आणि गवंड्यानं ती दोन दिवसांत उभी करावी, यात अडचण कुठं आली? पण ओव्हरसियरसाहेब (पुण्याकडचे आहेत, शिकलेले आहेत, आणि आपण वऱ्हाडात आलो याचं त्यांना अजून वाईट वाटतं) दप्तर घेऊन आले, त्यांनी घर पाहिलं आणि सांगितलं की नियमात घर म्हणजे चार भिंतींची बांधणी. या जागेला तीन भिंती आहेत, म्हणजे हे घर नाही. घर नाही म्हणून दुरुस्ती करता येत नाही. करायची तर नवी इमारत म्हणून करावी लागेल, आणि नव्या इमारतीला दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट जागा सोडावी लागते. अमीनाबीचं सगळं घरच अकरा फूट रुंद. म्हणजे उरतं एक फूट. तेवढ्यात ती उभी राहू शकली असती, वळता आलं नसतं.

म्हातारी सभेच्या दिवशी कमिटीच्या दारात जाऊन उभी राहिली. बुरख्यातून तिनं एकच प्रश्न विचारला.

"साहेब, भीत पडली तवा तिनं कमिटीची परवानगी घेतली होती काय?"

यावर प्रेसिडेंटशेठनी हा मुद्दा पुढच्या सभेत घेऊ असं सांगितलं. पावसाचे उरलेले दिवस आणि सगळा हिवाळा म्हातारीनं गोणपाटाच्या पडद्याआड काढला. तय्यब दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी आईच्या पडद्याला ठिगळ लावायचा.

आमच्याकडचं म्हणाल तर तुमच्या धाकट्या भावजयीचे, रुख्मिणीचे, डोळे. आमचं स्वयंपाकघर सगळ्यात आत आहे. तीन भिंती घराच्या, चौथी मागची, कोरी. दार एकच, तेही माजघरात उघडणारं. चूल पेटली की धूर आधी बाईच्या डोळ्यांत जातो, मग छातीत, आणि मग जागा उरली तर बाहेर. तिचे डोळे पहिल्यांदा लाल झाले तेव्हा मी म्हटलं, जागरण. मग पाणी गळू लागलं तेव्हा म्हटलं, कांदे. पोळ्याला तिनं पुरणात टाकायचा वेलदोडा खडा समजून फेकला आणि खडा टाकला, तेव्हा मात्र माझा दात गेला आणि मला तिला मंगरूळच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टरांनी पापण्या उलट्या करून पाहिलं. धुरामुळे उजव्या डोळ्यात फूल पडू लागलंय, म्हणाले, असंच चाललं तर दीड-दोन वर्षांत तो डोळा जाईल आणि मागोमाग दुसरा. मी विचारलं, औषध? म्हणाले, "खिडकी." मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली, म्हणून चिठ्ठी मागितली. त्यांनी चिठ्ठीवरही तेच लिहिलं. कंपाउंडरनं ती वाचली, उलटी करून वाचली आणि म्हणाला, हे आपल्याकडे नाही, अकोल्याला पाहा.

याच डॉक्टरांना मग तापाच्या साथीच्या चौकशीला निंबापूरला पाठवलं. त्यांनी खालची आळी घरोघर पाहिली. अडतीस घरं, चार खिडक्या. त्यांतली एक ताडीच्या दुकानाची. अंधार, धूर आणि ओल यांत माणसं राहतात, घरं सुधारा आणि त्याआधी घरांना अडवणारे नियम सुधारा, असा रिपोर्ट त्यांनी वर पाठवला. वरून कमिटीला विचारणा आली. कमिटीनं गावची सभा बोलावली. मी त्या सभेत उठून इतका आरडाओरडा केला (दात नुकताच गेला होता, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते, पण आवाज भरपूर होता) की मला गप्प करायला प्रेसिडेंटशेठनी मलाच सुधारणा पोटकमिटीवर घेतलं. मंडळी तीन: शेठ, ओव्हरसियर आणि मी. तय्यबला माहितगार म्हणून बोलावलं. माहितगाराला खुर्ची नव्हती. पहिली बैठक कचेरीच्या खोलीत भरली आणि लगेच उठली, कारण खोलीला खिडकी नव्हती आणि शेठना गुदमरायला झालं. मग आम्ही कडुलिंबाखाली बसलो आणि लोकांच्या घरांत हवा कशी येईल यावर तीन महिने बोललो. हवा छान होती.

तीन महिन्यांनी ठरलं की लोकांना नियम सांगून कळत नाहीत, त्यांना एक नमुन्याचं घर बांधून दाखवावं. ओव्हरसियरसाहेबांकडे एक विलायती पुस्तक होतं, त्यात चित्र होतं. तय्यबनं त्या चित्राबरहुकूम बाजाराच्या कडेला घर बांधलं. चारी बाजूंना खिडक्या, खिडक्या कमरेइतक्या खाली, छप्पर इतकं उभं की वर बर्फ पडला तर घसरून जावा. (या मे महिन्यात त्याकडे पाहिलं की बरं वाटतं.) आणि बैठकीच्या खोलीत, भिंतीत बसवलेली एक शेकोटी, वर धुराडं. सगळं झाल्यावर तय्यबनं घराला दोन फेऱ्या मारल्या, आत जाऊन आला, पुन्हा गेला आणि डोकं खाजवत म्हणाला,

"साहेब, चूल कुठं मांडाची?"

ओव्हरसियरसाहेबांनी नकाशा काढला. उभा धरला, आडवा धरला. नकाशात स्वयंपाकघर नव्हतं.

"शेकोटी हाय, चूल नाई," तय्यब म्हणाला. "वऱ्हाडात हात शेकाचे अन् उपाशी झोपाचं, असं हाय काय?"

साहेब लाल झाले. ते म्हणाले, नमुना हवेचा आहे, जेवणाचा नाही. हे उत्तर शेठना इतकं आवडलं की त्यांनी ते घराच्या उद्‌घाटनाच्या भाषणात घेतलं. हार झाले, पानसुपारी झाली. मग घर भाड्यानं देण्याची दवंडी पिटली, आणि कोणीही आलं नाही. एक नवराबायको दोन दिवस राहून गेली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस खिडकीत कोपर टेकून त्यांना जेवण झालं का विचारायचा, आणि ते झालेलं नसायचं. मग तिथं फक्त बकऱ्या जाऊ लागल्या. खिडक्या त्यांच्या उंचीच्या होत्या.

फाल्गुनात एका सकाळी अमीनाबीनं आपली गोधडी, दोन भांडी आणि एक कोंबडी उचलली, गोणपाट तिथंच सोडलं आणि नमुन्याच्या घरात जाऊन बसली. खिडक्यांना तिनं जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. भिंतीतल्या शेकोटीत तीन दगड मांडले, वर हंडी ठेवली आणि जाळ घातला. आता पाहा दादा, त्या साहेबांच्या हातून वर्षभरात एकच उपयोगाची गोष्ट झाली आणि ती चुकून झाली. धूर सरळ धुराड्यातून वर गेला. खोलीत धुराचा वाससुद्धा नाही. म्हातारी वाट पाहत बसली की आता डोळे चुरचुरतील. चुरचुरले नाहीत, तेव्हा तिनं घाबरून जाळ नीट पेटलाय का ते वाकून पाहिलं.

ही बातमी बायकांत पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. तिसऱ्या दिवशी रुख्मिणी तिथं गेली. पीठ आपलं, परात आपली, तवा आपला. चूल तेवढी कमिटीची, आणि कमिटीला जात नसते. अमीनाबी एका बाजूला आणि ही दुसऱ्या बाजूला, दोघींनी आळीपाळीनं जाळ वापरला. ही बारा भाकऱ्या करून परत आली. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. डोळे कोरडे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काई नाई. तुमचं तोंड पाहून राह्यली. लय दिवसानं नीट दिसून राह्यलं. म्हातारे झाले बापा तुमी." मी मान खाली घालून भाकरी मोडली.

इकडे कमिटी जागी झाली. बेकायदा कब्जा म्हणून नमुन्याच्या घराच्या दाराला नोटीस डकवली. अमीनाबीला वाचता येत नाही. तिनं ती चुलीत घातली. धूर सरळ वर गेला. दुसरी नोटीस आली, तीही गेली. मग शेठ स्वतः आले, मागे ओव्हरसियर, त्यांच्या मागे मी (पोटकमिटीचा मेंबर म्हणून मला यावंच लागलं, आणि मी शक्य तितका मागे उभा होतो). शेठ म्हणाले, घर खाली करा, नाहीतर पोलीस आणावे लागतील.

"आना," अमीनाबी पडद्याआडून म्हणाली. "भाकर खाऊन जातीन. माझी भीत मले द्या, तुमचं घर तुमी घ्या."

"भिंतीचा अर्ज विचाराधीन आहे."

"मंग मीबी इथं विचारच करून राह्यली."

रस्त्यावर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. त्यांत बायकाच जास्त होत्या, आणि बऱ्याच जणींच्या कडेवर परात होती. शेठनी गर्दी पाहिली, कमिटीची निवडणूक पुढच्या पावसाळ्यानंतर आहे हे त्यांना आठवलं, आणि त्यांच्या मनात सुधारणेची खरी कळकळ त्या घटकेला उत्पन्न झाली. तिथल्या तिथे, त्याच घराच्या ओट्यावर पोटकमिटी बसली. ओव्हरसियरसाहेब लिहायला. नियम सांगितले तय्यबनं, उभ्यानं. कडुलिंबाखाली तीन महिन्यांत जे झालं नाही ते एका दुपारीत झालं. (पाचव्या मेंबराची आठवण कोणी काढली नाही.) कलम एक: पडलेली भिंत जागच्या जागी उचलायला परवानगी नको. कलम दोन: चुलीचा धूर जावा म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीत वर खिडकी पाडायची असेल तर नकाशा नको, भिंतीवर कोळशानं चौकोन काढावा, ओव्हरसियरनं येऊन पाहावा, आठ दिवसांत नकार आला नाही तर होकार समजावा. साहेब लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "कोळशानं?" तय्यब म्हणाला, "साहेब, कागदावरची खिडकी वाऱ्याले दिसत नाई." साहेबांनी लिहिलं. (नंतर ते सगळ्यांना सांगू लागले की शेकोटी त्यांनी मुळापासून याच विचारानं काढली होती. आम्ही मान डोलावतो. माणूस वाईट नाही, फक्त त्याला कोणी कधी चूल दाखवली नव्हती.)

कलम तीन माझं. पोटकमिटीचा मेंबर असून आपण एकही कलम दिलं नाही, असं लोकांनी म्हणायला नको. शिवाय रामसिंग त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणाकडे पाडणार होता, ते मला कळलं होतं. म्हणून मी घालायला लावलं: खिडकी ज्याच्या जागेकडे उघडते त्या शेजाऱ्यानं लेखी हरकत घेतली, तर ती हरकत मागे घेईपर्यंत अर्ज थांबवावा. तय्यब माझ्याकडे पाहून म्हणाला, "जगदेवभाऊ, हे काहून?" मी म्हटलं, न्याय म्हणून.

तिसऱ्या दिवशी अमीनाबीची भिंत उभी राहिली. ती आपली गोधडी, भांडी आणि कोंबडी (आता सहा पिल्लांसकट) घेऊन परत गेली, आणि तय्यबनं तिच्या चुलीवर धुराडं बसवून दिलं. त्यानंतर महिनाभर खालच्या आळीत दिवसभर पहारीचा आवाज. भिंतीभिंतींवर कोळशाचे चौकोन. एकतीस स्वयंपाकघरांना खिडक्या झाल्या. सुधारणेचे तोटेही दिसू लागले आहेत. बायका आता खिडकीतून खिडकीत बोलतात, आणि कोणाच्या घरी वरणाला फोडणी पडली नाही ते आळीभर कळतं. सकाळी पहिल्यांदा आळीवरून धूर वर जाताना दिसतो. आधी तो कधी दिसलाच नव्हता, कारण तो आत असायचा. रामसिंगचा अर्जही मंजूर झाला. मी हरकत लिहायला बसलो होतो, पण रुख्मिणीनं दौत उचलून नेली.

डॉक्टर परवा येऊन पाहून गेले. एकतीस खिडक्या वहीत लिहिल्या आणि म्हणाले, असं गाव त्यांनी तालुक्यात पाहिलं नाही. शेठनी फेटा बांधून फोटो काढून घेतला. तर असा हा आनंद. एखाददुसरा अर्ज अजून अडकला आहे म्हणतात, पण एवढ्या मोठ्या कामात तेवढं व्हायचंच. तुमच्याकडे माझं काही मागणं नाही, फक्त आशीर्वाद असू द्यावा. तुळसावहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जगदेव

ता. क. — अडकलेला अर्ज माझा आहे. तो पहिल्याच दिवशी दिला होता, अर्ज नंबर एक. सात दिवस सगळं ठीक होतं. आठव्या दिवशी सकाळी टपालानं हरकत आली, शिक्का कामरगावचा. (बाजाराची माणसं बातम्या दोन्हीकडे नेतात, हे मी विसरलो होतो.) शेठनी ती सभेत मोठ्यानं वाचली. तुमचं अक्षर अजून तसंच वळणदार आहे दादा. "ज्यानं मला त्याच्या दारातून जाऊ दिलं नाही, त्यानं माझ्या जागेत खिडकीतून पाहू नये." सगळी सभा माझ्याकडे वळली. ओव्हरसियरसाहेब हळूच म्हणाले, "जगदेवराव, कलम तुमचंच आहे." तेव्हा एक छोटी सही पाहिजे. हरकत मागे घेतली एवढं लिहून खाली नाव. लिहिण्याचे कष्ट नकोत म्हणून कागद तयार करून सोबत ठेवला आहे. एवढंच काम होतं, बाकी पत्र आनंदाचंच आहे.

ता. क. दुसरा — रुख्मिणीला वरचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, अर्धंच लिहिलं. मग पुढचं लिहितो. बाबांच्या वेळी त्या मागच्या भिंतीला खिडकी होती. तुम्हांला माहीत आहे, लहानपणी तुम्ही तिच्यातून गूळ चोरायचात आणि मी बाहेर उभा राहायचो. वाटणीत पुढचं घर मला आलं, मागची जागा तुम्हांला. तुम्ही म्हणालात, मला माझ्या जागेत जायला घराच्या बोळातून वाट दे. मी वाटणीचा नकाशा काढला आणि म्हटलं, यात वाट दाखवलेली नाही. कमिटीनं नियम काढले त्याच्या आधी, निंबापुरात नकाशा पुढे करून माणसाला अडवणारा पहिला इसम मीच. तुम्ही कामरगावला गेलात त्याच आठवड्यात मी तय्यबला बोलावलं आणि ती खिडकी बुजवून घेतली, तुमची जागा डोळ्यांसमोर नको म्हणून. तय्यब विटा हातात धरून थांबला होता. म्हणाला, "जगदेवभाऊ, धूर कुठून जाईन?" मी म्हटलं, दारातून. सहा वर्षं तो दारातून गेला नाही, तिच्या डोळ्यांत गेला. डॉक्टरांना, कमिटीला, तुम्हांला, कोणालाच मी हे सांगितलेलं नाही. तिनं सहा वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. तुमची हरकत बरोबर आहे. सही केली नाहीत तरी माझी तक्रार नाही. कलम चांगलंच लिहिलेलं आहे.

ता. क. तिसरा, ता. १५, सकाळ — पत्र पाकिटात घालून मी दुकानावर गेलो. तासाभरानं रामसिंग धावत आला, तुमच्या घरात काहीतरी पडलं म्हणून. जाऊन पाहतो तो रुख्मिणी पाटावर चढून पहार चालवते आहे आणि अमीनाबी खाली टोपलीत माती भरते आहे. तय्यबनं तेव्हाच्या विटा मातीत बसवल्या होत्या, चुना लावलाच नव्हता. (मी विचारलं, काहून? तो म्हणाला, "मले मालूम होतं, खोलाच लागीन.") मी म्हटलं, अगं, अर्ज थांबलेला आहे, हे बेकायदा होईल. तिनं आणखी एक वीट काढून खाली टाकली. दहा वाजेपर्यंत चौकोन मोकळा झाला. आणि भोकातून एक फांदी आत आली. वहिनींनी जाताना मागे शेवग्याचा खुंट रोवला होता तो तुम्हांला आठवतो का? आम्हांला तो रोवल्याचंही माहीत नव्हतं, आज अमीनाबीनं सांगितलं. वाऱ्यात भिंतीवर काहीतरी आपटायचं, मी घूस समजून दोनदा सापळा लावला होता. झाड भिंतीच्या वर गेलं आहे, शेंगांनी लदलेलं. रुख्मिणीनं उभ्या उभ्या हात बाहेर काढून नऊ शेंगा तोडल्या. कायद्यानं त्या तुमच्या आहेत. तय्यब आजच कामरगावच्या विहिरीच्या कामाला निघाला आहे, त्याच्याबरोबर पत्र आणि शेंगा दोन्ही देतो. सहीचा कागद पाकिटात घातला होताच. पण रुख्मिणीला तोही दाखवला, तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला, चुलीत घातला आणि धूर खिडकीतून बाहेर जाईपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, हे लिवा. तेव्हा तिच्या शब्दांत लिहितो, माझे यात काहीच नाहीत:

"दादाले म्हणा, कागद कायले पाठवता. वहिनीले घेऊन या. दारातून या."